वास न येणारी नशा

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण आहे. मोबाईलवर केलेल्या मुद्रणावरून ते उतरवून घेतलं. ताईंच्या विनंतीवरून त्यांचं आणि गावाचं नाव छापलेलं नाही. – संपादक मंडळ)



मला अहवाल वाचायला लावा, मी वाचते. हजेरी घ्यायला लावा, घेते. भाषण मला जमत नाही. पण आमच्या गटाच्या बैठकीत मी एक गोष्ट बोलून गेले आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, हे तू सगळ्यांसमोर सांग. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. घरची अब्रू आहे ती. शेवटी सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग. आपलं झालं ते झालं, दुसरीचं पोरगं तरी वाचंल." तेव्हा हे त्यांच्या परवानगीनं बोलते. आणि ज्यांच्याबद्दल बोलते त्या आमच्या धाकट्या दिरांच्या, भाऊजींच्या सुद्धा.

दारूच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको. अंगणात चप्पल कशी वाजली यावरून आज किती झालीय ते आपण चुलीपुढं बसून सांगतो. तोच आमचा घोटाळा झाला. आम्ही वास शोधत बसलो आणि ह्या नशेला वासच नव्हता. ती मेडिकलमधून आली, चांदीच्या पट्टीत, डॉक्टरनं दिलेली गोळी म्हणून.

तीन वर्षांमागं हंगाम चालू होता. भाऊजी ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर. भरलेल्या ट्रॉलीवर दोर आवळताना खाली आले, कमरेला मार बसला. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं. नुसतं थांबलं नाही, तर रात्रीच्या दोन-दोन खेपा होऊ लागल्या, थकवा म्हणून नाही. पाच दिवस संपले तरी गोळ्या संपल्या नाहीत, कारण मेडिकलवाला चिठ्ठी मागतच नव्हता. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. आणि आम्ही घरात काय म्हणत होतो? पोरगं किती राबतंय!

त्या गोळीत ट्रामाडोल होतं. हे नाव लक्षात ठेवा. अफूच्या जातीची जी औषधं असतात त्यातलं हे एक. त्याच जातीत गर्द येतो, ज्याला ब्राऊन शुगर म्हणतात. मॉर्फीन येतं. काही खोकल्याच्या औषधांतलं कोडीन येतं, म्हणून पोरं खोकला नसताना बाटलीच्या बाटली तोंडाला लावतात. शहरातलं खूळ आहे असं समजू नका. दिल्लीच्या एम्सनं सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. त्यात देशात सुमारे 2 कोटी 26 लाख लोक अफूच्या जातीची काही ना काही वस्तू घेतात असं निघालं. त्यातले 77 लाखांच्या आसपास असे, की ज्यांना उपचारांची मदत हवी.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. औषध वाईट नाही. कुणाच्या घरात कॅन्सरचं माणूस असेल आणि डॉक्टरांनी मॉर्फीन दिलं असेल, तर माझं ऐकून घरी जाऊन ते बंद करू नका. दुखणाऱ्याला औषध लागतंच. दुखणं गेल्यावरही जे चालू राहतं, लपवून चालू राहतं आणि वाढत जातं, त्याबद्दल मी बोलते आहे.

आता खुणा. मी डॉक्टर नाही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं, तेवढंच सांगते.

ह्या माणसाची दोन रूपं असतात. गोळी पोटात असते तेव्हाचं एक आणि गोळी उतरते तेव्हाचं दुसरं. आपण दोन्ही वेगवेगळी बघतो, म्हणून कोडं सुटत नाही.

पोटात असताना माणूस थंड असतो. बोलताना शब्द लांबतात. भाऊजी जेवायला बसायचे आणि घास हातात धरून पेंगायचे. मान खाली जायची, दचकून वर यायची, पुन्हा खाली. मी म्हणायची, झोप झाली नाही बिचाऱ्यांची. नाक आणि दंड सारखे खाजवायचे. आम्ही उसाच्या पाल्यानं खाज सुटली म्हणून खोबरेल दिलं. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही, तर सासूबाईंनी एरंडेल दिलं. बघा, प्रत्येक खुणेला आमच्याकडं एक घरगुती उत्तर तयार होतं. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका असतो, बाहुली म्हणतात तिला, ती गर्द घेणाऱ्याची अंधारातही टाचणीच्या टोकाएवढी दिसते. ट्रामाडोलमध्ये ते दिसेलच असं नाही, तेव्हा नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका.

उतरल्यावर सगळं उलटं. एकामागून एक जांभया. डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी. एप्रिलच्या दुपारी वाकळ पांघरायची, अंगावर काटा, मधेच घामाची धार. पोट आधी बसलेलं, ते आता सुटलेलं. पाय इतके ओढतात की माणूस भिंतीवर लाथा मारतो. झोप नाही. नुसतं ताट वाजलं तरी अंगावर येतो. आपण म्हणणार सर्दी-ताप आहे. मग फोन येतो, किंवा हेच फोन करतात, "जरा येतो" म्हणून बाहेर जातात आणि अर्ध्या तासात हसत परत येतात. जेवण मागतात. पोराला खांद्यावर घेतात.

बायांनो, सर्दी अर्ध्या तासात बरी होत नाही. मला एवढीच एक खूण सांगायला सांगितली असती, तर मी हीच सांगितली असती.

बाकी घरात वस्तू सापडतात. आमच्याकडं रिकाम्या पट्ट्या ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत आणि न्हाणीच्या पत्र्याखाली खोचलेल्या निघाल्या. कुणाकडं कुंपणात खोकल्याच्या बाटल्या सापडतील. गर्द ओढणाऱ्याच्या खिशात काळा ओघळ असलेला चांदीचा कागद सापडतो. सुया टोचणारा उन्हाळ्यातही फुल बाह्यांचा शर्ट काढत नाही. आणि पैसे. आधी मागून, मग उसने, मग न विचारता. आमचा माळ्यावरचा पितळी हंडा कधी गेला हे आम्हाला वर्षभर कळलंच नव्हतं.

पण एका खुणेवरून कुणाच्या पोरावर शिक्का मारू नका. रात्रपाळीचा माणूस जांभया देणारच. तीन-चार गोष्टी एकत्र, पुन्हा पुन्हा आणि लपवाछपवी सोबत, असं असलं तर मात्र डोळेझाक करू नका.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते सांगते.

त्या वेळी गटाची रोकड माझ्या घरी असायची. रविवारी बैठक, सोमवारी बँक. त्या रविवारी बचत आणि हप्ते मिळून 7,350 रुपये जमले होते. साड्यांखाली लोखंडी पेटीत ठेवले. सोमवारी बँकेत मोजले तर 1,500 कमी. मी तीनदा मोजले. कॅशियर म्हणाली, ताई, बाजूला बसा आणि मोजा. मला वाटलं जमीन फाटावी. पुस्तकात सही माझी.

घरी आले आणि माझ्या नऊ वर्षांच्या पोराला विचारलं, पेटीला कोणी हात लावला. तो बोलेना. मान खाली. मी म्हटलं, ह्यानंच घेतले. आणि मी त्याला मारलं. सटासट मारलं. तो रडला, पण बोलला नाही. त्यानं काकाला पेटी उघडताना बघितलं होतं. काका त्याचा जीव. काकानं शपथ घातली होती.

डेअरीच्या बिलातून पैसे भरले आणि गटात कुणाला सांगितलं नाही. सात महिने. आज इथं माझ्या गटातल्या बाया बसल्यात, त्यांनाही हे मागच्या वर्षीच कळलं. कर्ज थकलं तर घरोघर जाऊन बोलणारी मी, माझ्या घरातलं गिळून बसले.

मध्यंतरी एक स्थळ आलं. भाऊजींचे मामा घेऊन आले. लग्न केलं की सुधरंल, जबाबदारी पडली की येतंय ठिकाणावर, असं सगळे म्हणायला लागले. तोवर मला पट्ट्या सापडल्या होत्या. नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळलं होतं. मुलगी बारावी झालेली. बघायला जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, हे लग्न मी होऊ देणार नाही, आणि झालं तर मुलीच्या आईला मी स्वतः फोन करीन. मालक माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, वहिनीच पोराच्या आड आली. पण दुसऱ्याची लेक म्हणजे काय औषधाची पुडी आहे का? ती आणायची, पोराला द्यायची आणि गुण येतो का बघायचं? त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

मग मालकांनी त्यांच्या पद्धतीनं इलाज केला. सगळ्या पट्ट्या संडासात टाकल्या आणि भाऊजींना गोठ्याच्या खोलीत कोंडलं. दोन दिवस उलट्या, जुलाब, ओरडणं. गावातल्या बायका मला विचारायला लागल्या, तुमच्यात कोण आजारी आहे? तिसऱ्या दिवशी ते कौलं काढून पळाले. संध्याकाळी चावडीपाशी फिट येऊन पडले. लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, दातात चमचा घालायला गेले. हे काही करायचं नसतं. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा. ट्रामाडोल जास्त झालं की फिट येते, आणि एकदम तोडलं तरी काहींना येते, हे आम्हाला तिथं कळलं.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी "गोळ्या घेतोस का" असं विचारलं नाही. "दिवसाला किती घेतोस" असं विचारलं. भाऊजी माझ्याकडं बघून म्हणाले, बारा. कधी पंधरा. तो पहिला खरा शब्द होता दोन वर्षांतला.

मॅडमनी आम्हाला जे सांगितलं, त्यातलं एक मी तुमच्याकडून पाठ करून घेणार आहे. कोंडून ठेवलं, किंवा पोरगं आठ-पंधरा दिवस स्वतःच बंद राहिलं, तर शरीराची सवय मोडते. मग ते बाहेर पडून पूर्वीइतकंच घेतं. ते सोसत नाही आणि श्वास बंद पडतो. माणसं अशीही जातात. "सोडलं होतं हो त्यानं" असं आपण मयतीला म्हणतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका आणखी.

तेव्हा कुणी हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल, घुरघुर आवाज येत असेल, ओठ-नखं निळसर पडली असतील, तर "घोरतंय, झोपू दे" म्हणू नका. छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या गाठी जोरात चोळा. तरी हललं नाही तर 108 ला फोन. कुशीवर झोपवा, तोंडात काही अडकलं असेल तर काढा. श्वास चालत नसेल तर फोनवरचे लोक सांगतील तसं करा. ताक, लिंबूपाणी, मिठाचं पाणी काही पाजू नका. आणि डॉक्टरांना खरं सांगा. नॅलोक्सोन म्हणून उताऱ्याचं इंजेक्शन असतं, पण काय घेतलं हे कळलं तर ते देतील. तिथं अब्रू झाकली तर माणूस जाईल.

उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर असतात. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. 14416 हा टेली-मानसचा, तिथं मराठीत बोलता येतं. रोग्यानंच फोन करायला पाहिजे असं नाही, मी स्वतः केला होता, विहिरीवर जाऊन. पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली ते सुरू केलं, तेव्हा मुंबई-पुण्यात पोरं गर्दानं मरत होती आणि अनिल अवचट त्यावर लिहीत होते. आमच्या भाऊजींना मॅडमनी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केली. ती सगळीकडं मिळत नाही, आधी विचारून जा. सासूबाई म्हणाल्या, "एक गोळी सोडवायला दुसरी गोळी? हा कसला न्याय?" मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमची बीपीची गोळी किती वर्षं चालू आहे?" सासूबाई गप्प. ही गोळी नशा चढू देत नाही, पण अंग मोडू देत नाही. तेवढ्यात माणूस माणसात येतो.

पंढरीची माळ घातली, बुवाकडं नेलं, ह्याला माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडंही माळ घातली. पण डॉक्टरची गोळी चालू ठेवून.

पोलिसांची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून दवाखान्यात नेत नाहीत. ट्रामाडोल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे हे खरं. पण थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा स्वतः घेतल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला आणि ते पुरे केले, तर त्याच कायद्यात, कलम 64अ मध्ये, त्याला सवलत आहे. उलट मेडिकलवाल्याला विचारा. ट्रामाडोल आणि कोडीन चिठ्ठीशिवाय देता येत नाही. कुणाला दिलं, कुणाच्या चिठ्ठीवर दिलं, हे त्यानं वेगळ्या वहीत लिहायचं असतं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची असते. आपण साधी बचतगटाची वही लिहितो, त्याला काय होतंय? आमच्या ग्रामसंघानं ठराव करून दुकानदाराला लेखी दिलं आणि प्रत अन्न व औषध प्रशासनाला पाठवली. एकटी गेले असते तर मला हाकललं असतं. अठरा बाया गेलो होतो.

घरात बोलायचं कसं, हे विचाराल. गोळी चढलेली असताना बोलून उपयोग नाही आणि तडफडत असताना तर नाहीच. मधली वेळ बघा. चारचौघांत नको. "तू गर्दुल्ला झालास" म्हटलं की संपलं. मी भाऊजींना म्हटलं होतं, "मंगळवारी तुम्ही ताटावर झोपलात. बुधवारी पेटीला हात लागला. मला भीती वाटते." त्या दिवशी ते चिडून निघून गेले. पण दवाखान्यात त्यांनी माझ्याकडं बघून आकडा सांगितला, तो त्यामुळंच सांगितला असं ते स्वतः म्हणतात.

आणि आपल्याकडंही बघा. कमरेसाठी, गुडघ्यासाठी आपणही मेडिकलमधून पाकीटं आणतो. त्यावरचं नाव एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या.

गटात मी सांगितलं त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं आता पदावरून काढतील. मग कोपऱ्यातली एक मावशी म्हणाली, "माझ्या घरी बाटल्या सापडत्यात गं. मी भंगारवाल्याला देते, कुणाला दिसू नये म्हणून." त्या दिवसापासून आमची रोकड कुणाच्याच घरी रात्रीची राहत नाही. बैठक संपली की दोघी जणी बँक सखीकडं जाऊन भरतात आणि पावती फोटो काढून ग्रुपवर टाकतात. उपचाराला कर्ज देतो, पण पैसे रोग्याच्या हातात नाही. बाई सोबत जाते, गाडीभाडं आणि औषधाचं बिल ती देते. मला काढलं नाही. 1,500 ची नोंद मात्र मी लाल शाईनं वहीत करायला लावली.

भाऊजींना चौदा महिने झाले. मधे दिवाळीत एकदा घसरले. आम्ही परत नेलं. मॅडम रागावल्या नाहीत, म्हणाल्या, होतं असं, आलात हे बरं केलं. आता ते डेअरीवर दूध संकलनाला जातात. ट्रॅक्टरवर अजून नाही. पेटीची किल्ली माझ्याच कमरेला असते, त्यांनीच सांगितलंय, वहिनी, अजून देऊ नका.

पोराची मी माफी मागितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं तुला कळेल." कधी कळेल ते त्याला माहीत नव्हतं, सात महिने.

आता चहा आहे. चहा झाल्यावर मी बाहेर चिंचेखाली बसते. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी या. मी वही घेऊन बसणार नाही, कुणाचं नाव लिहिणार नाही. दोन फोन नंबर कागदावर लिहून आणलेत, ते नुसते उचलून नेलेत तरी चालेल.